सावडीचा हिशेब आणि फोनवरची शाळा



सावड हा शब्द आता पोरांना समजावून सांगावा लागतो. तुमच्याकडे एक बैल, शेजाऱ्याकडे एक बैल. दोघांची जोडी करायची, दोन दिवस तुमच्या वावरात डवरणी, दोन दिवस त्याच्या. निंदणालाही बायका सावडीने जायच्या, आज हिच्याकडे तर उद्या तिच्याकडे. इर्जिक त्याहून मोठी. ज्याचे काम अडले त्याने हाक द्यायची, गावाने औतफाटा घेऊन यायचे, आणि संध्याकाळी त्याने सगळ्यांना जेवू घालायचे. या देवघेवीची वही कोणी ठेवत नसे, तरी हिशेब चोख असे. ऊन तापल्यावर कोण आला, कोणाची पात मागे राहिली, कोणी बैल उपाशीच जुंपला, हे साऱ्यांना दिसत असे. काम डोळ्यांसमोरचे होते, म्हणून वहीची गरज पडत नव्हती.

आता आपली माणसे फोनवरही एकत्र येऊ लागली आहेत. पेरणीपासून वेचणीपर्यंत एकमेकांना विचारून, फोटो पाठवून, संध्याकाळी तज्ज्ञांचे ऐकून शिकायचे, अशा शेतीशाळा भरत आहेत. चांगलीच गोष्ट आहे. पण फोनमध्ये कोणाची पात कुठवर गेली ते दिसत नाही. कोणी खरोखर हातभार लावला, कोण नुसता अंगठा दाखवून मोकळा झाला, हे कसे ओळखायचे? गुण कोणाला द्यायचे? आणि बक्षीस मिळाले तर ते कोणाच्या कष्टाचे म्हणायचे? आज याच हिशेबाविषयी बोलू या. कारण गट मोडतात ते बहुधा पैशावरून नव्हे, "केले आम्ही आणि नाव त्याचे झाले" यावरून मोडतात.

एकाचे औषध दुसऱ्याला लागू नाही

आपला जळगाव जामोद तालुकाच पाहा. उत्तरेला सातपुड्याचा पायथा, दक्षिणेला पूर्णा नदी. पायथ्याकडे संत्र्याच्या बागा, खाली काळ्या भुईत कपाशी, सोयाबीन, तूर. पूर्णेच्या बाजूला खारपाणपट्टा, तिथे विहिरीचे पाणी ओलिताला चालत नाही. एकाच तालुक्यात जमिनीच्या इतक्या तऱ्हा. पायथ्याच्या शेतकऱ्याने "मी असे पाणी दिले आणि पीक सुधारले" असे फोनवर लिहिले, तर ते खारपाणपट्ट्यातल्या माणसाला उपयोगाचे नाही, उलट घातक ठरायचे. म्हणून शिकणे एकत्र झाले पाहिजे, पण प्रत्येकाने आपापल्या वावरात तपासून झाले पाहिजे. जळगाव जामोदला कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याला १९६९ साली स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. सल्ला देणारे आहेत. तो सल्ला घराघरांत नीट पोहोचला की नाही, हे मात्र आपल्यालाच पाहावे लागते.

स्पर्धा लावून, गुण देऊन एकत्र काम करवून घेण्याचा मोठा प्रयोग आपल्याच राज्यात झाला. पानी फाउंडेशनने २०१६ ते २०१९ या वर्षांत गावागावांत पाणलोटाच्या कामाची वॉटर कप स्पर्धा घेतली. उन्हाळ्याच्या ४५ दिवसांत गावाने किती आणि कसे काम केले त्यावर गुण. २०१८ साली राज्यात दुसऱ्या क्रमांकावर आलेल्यांत आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातले, मोताळा तालुक्याचे सिंदखेड होते. पुढे २०२२ पासून त्याच संस्थेने गटशेतीसाठी सत्यमेव जयते फार्मर कप सुरू केला. पहिल्या वर्षी ३९ तालुक्यांतले गट त्यात उतरले. या गटांसाठी फोनवरून डिजिटल शेतीशाळा चालते, तज्ज्ञ सांगतात, शेतकरी प्रश्न विचारतात, आणि इर्जिकीसारख्या जुन्या रीतीही पुन्हा वापरात येतात. २०२५ साली ही स्पर्धा राज्यभर नेण्याची घोषणा झाली.

जलसंधारणाच्या कामात खोदलेली चर मोजता येते. लांबी, रुंदी, खोली मोजा, झाले. शिकणे असे टेपने मोजता येत नाही. आणि मोजता आले नाही की माणूस जे मोजायला सोपे ते मोजतो. इथेच घोळ होतो.

संदेश मोजून काय हाती लागते?

समजा, वीस घरांचा एक गट आहे. एक जण रोज पहाटे फुलांचे चित्र पाठवतो. दुसरा कुठून कुठून आलेले सल्ले पुढे ढकलतो, त्यातला एकही त्याने स्वतःच्या वावरात करून पाहिलेला नसतो. तिसरा प्रत्येक प्रश्नाला आधी उत्तर देतो, बरोबर असो वा चूक. चौथा महिन्यातून एकदा लिहितो, "त्या औषधाने माझ्याकडे फरक पडला नाही, हा पानाचा फोटो." पाचवा काहीच लिहीत नाही, पण सगळे वाचतो, आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना धुऱ्यावर बसून समजावून सांगतो.

संदेश मोजून गुण द्याल तर पहिला आणि दुसरा अव्वल येतील, चौथा मागे पडेल आणि पाचवा नापास होईल. खरे पाहता गटाला शहाणे केले ते चौथ्याने आणि पाचव्याने. "माझ्याकडे जमले नाही" असे चारचौघांत सांगायला धीर लागतो, आणि त्या एका वाक्याने उरलेल्या एकोणीस घरांची एक फवारणी वाचते. उलट बिनतपासलेला सल्ला पुढे ढकलणाऱ्याने वीस घरांना खड्ड्यात घातलेले असू शकते. तेव्हा बोलणे किती झाले हे न बघता, बोलण्याने कोणाच्या वावरात काय बदलले ते बघावे.

दोर ओढणारी माणसे

हा प्रश्न नवा नाही. फ्रान्समध्ये मॅक्स रिंगेलमन नावाचे शेती-अभियंते होऊन गेले. शेतीच्या कामात माणूस, बैल, घोडा, यंत्र कोण किती ताकद लावतो, हे ते मोजत असत. १८८० च्या दशकात त्यांनी माणसांकडून दोर ओढवून घेतला आणि ओढ यंत्राने मोजली. १९१३ साली ते आकडे छापले. एकट्या माणसाची ओढ १०० धरली, तर दोघे मिळून ओढताना प्रत्येकाची ९३ भरली. चौघे असता ७७. आठ जण झाले तेव्हा प्रत्येकाची ४९, म्हणजे निम्म्यावर आली! माणसे वाढली तशी दर माणशी ओढ घटली.

याची कारणे दोन. एक, आठ जणांचा हिसका एका वेळी बसत नाही. औताला नवखी जोडी जुंपली की जसे होते तसे. दुसरे कारण मनातले. "एवढे जण आहेत, माझ्यावाचून काय अडते?" १९७४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हे मनाचे कारण वेगळे काढून दाखवले. माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला सांगितले की तुझ्या मागेही माणसे ओढत आहेत. मागे कोणी ओढतच नव्हते. तरीही त्याने जोर कमी लावला.

यापुढची गोष्ट आपल्या जास्त कामाची. १९७९ आणि १९८१ साली माणसांना मिळून टाळ्या वाजवायला, ओरडायला सांगून असेच प्रयोग झाले. गटात प्रत्येकाचा आवाज कमी पडला. पण ज्या वेळी त्यांना कळले की प्रत्येकाचा आवाज निराळा मोजला जाणार आहे, त्या वेळी ही कुचराई उरली नाही. म्हणजे माणूस मुळातला आळशी नसतो. आपला वाटा कोणाला दिसत नाही असे वाटले की हात सैल पडतो. तो दिसतो आहे असे कळले की हात घट्ट होतो. सावडीत नेमके हेच होते. पात डोळ्यांसमोर होती.

मग प्रत्येकाला वेगळे गुण द्यावे काय?

इथे दुसरी अडचण येते. नुसते एकेकट्याला गुण देऊन पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक लावले, तर माणूस आपले शहाणपण मुठीत धरून ठेवील. शेजारी पुढे गेला तर माझा नंबर जाईल, मग सांगू कशाला? असा गट नावालाच उरतो.

यावर १९७१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात एलियट ॲरन्सन यांनी शाळेत एक युक्ती केली. तेव्हा तिथे निरनिराळ्या वंशांची मुले नुकतीच एका वर्गात आली होती आणि आपसांत पटत नव्हते. त्यांनी मुलांचे लहान लहान गट केले, धड्याचे तुकडे केले, आणि एकेक तुकडा एकेका मुलाला दिला. आपला तुकडा नीट शिकायचा आणि बाकीच्यांना शिकवायचा. परीक्षा मात्र प्रत्येकाची वेगळी आणि ती सगळ्या धड्यावर. आता शेजारच्या मुलाचे ऐकल्याशिवाय गत्यंतर नाही. त्याची टर उडवून चालत नाही, कारण धड्याचा एक तुकडा त्याच्याजवळच आहे. त्यांनी गुण देण्याची रीत फार बदलली नाही. काम असे वाटून दिले की एकमेकांवाचून कोणाचे चालू नये.

आपल्या गटातही असे करता येते. एकाने बीजप्रक्रियेचे नीट शिकून घ्यावे, एकाने कामगंध सापळ्यांचे, एकीने मित्रकिडी ओळखण्याचे, एकाने खतांच्या हिशेबाचे. सगळ्यांनी सगळ्यांवर मत देण्यापेक्षा हे बरे.

पेटीतली परीक्षा

शेतीशाळा ही कल्पना मुळात आली इंडोनेशियातून. तिथे तपकिरी तुडतुड्यांनी भाताची नासाडी केली, फवारण्या वाढवूनही कीड हटेना, तेव्हा सरकारने १९८६ साली भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून शेतातच शाळा भरवल्या. दर आठवड्याला शेतकरी बांधीत उतरून किडी मोजत, कागदावर चित्र काढून चर्चा करीत आणि मिळून निर्णय घेत. आपल्याकडेही पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील गावे ज्यात आली, त्या २०१८ पासूनच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात शेतीशाळा झाल्याच.

त्या शाळांची परीक्षा घेण्याची एक साधी रीत होती. वावरातच खुंट्यांवर पाट्या लावायच्या. प्रत्येक पाटीशी खरी कीड, खरे रोगट पान किंवा खरी मित्रकीड ठेवायची आणि विचारायचे, ही काय करते? उत्तरांच्या तीन पेट्या. शेतकऱ्याने आपली चिठ्ठी योग्य वाटेल त्या पेटीत टाकायची. लिहिता न येणाऱ्यालाही हे जमते. शाळेच्या आरंभी एकदा, शेवटी एकदा. शिकले सगळे मिळून, पण ओळखायचे ज्याचे त्याने. फोनवर शिकणाऱ्या गटानेही हंगामात दोनदा एवढे करावे. फोनवर नव्हे, वावरात. शिकणे फोनवर झाले तरी परीक्षा मातीतच झाली पाहिजे.

एक उदाहरण करून पाहू

२०१७ सालची गुलाबी बोंडअळी विदर्भात कोणी विसरलेले नाही. पऱ्हाटी बाहेरून हिरवीगार आणि बोंड फोडले की आत कीड. या अळीवर एकट्याने लक्ष ठेवून भागत नाही, कारण पतंग धुरा ओळखत नाही.

समजा, आपल्या वीस घरांच्या गटाने ठरवले की प्रत्येकाने कपाशीत एकरी दोन कामगंध सापळे लावायचे आणि रोज सकाळी पतंग मोजून आकडा फोनवर टाकायचा. शास्त्रज्ञांनी मर्यादा सांगितली आहे ती अशी: एका सापळ्यात रोज ८ पतंग, असे लागोपाठ ३ दिवस सापडले की उपाय करण्याची वेळ आली. आता बघा. वीस घरांचे वीस आकडे रोज समोर आले की कीड कोणत्या बाजूने येते आहे ते सगळ्या गटाला कळते. आणि कोणाचा आकडा चार दिवस आला नाही तेही दिसते. कोणाला रागावायची गरज नाही. शेजाऱ्याने जाऊन विचारावे, "काय दादा, बरे आहे ना? सापळा पाहू का मी?" कदाचित घरात आजारपण असेल. मग त्याचा सापळा दुसऱ्याने मोजावा, आणि त्या मोजणाऱ्याच्या नावावर मदतीची नोंद व्हावी. ही झाली फोनवरची सावड.

सोयाबीनचेही तसेच. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहायची. ७० किंवा अधिक उगवले तर बियाणे नेहमीच्या प्रमाणात पेरण्याजोगे. गटाला गुण कधी द्यायचे? पाच हुशारांनी चाचणी केली म्हणून नव्हे, विसाव्या घरी झाली तेव्हा. कळपाची चाल मागच्या जनावरावरून धरतात. पुढची पाच घरे मागच्या पाचांच्या दारात गेली की नाही, यावरच गट खरा की खोटा ते ठरते.

वही कशी ठेवावी

आमच्या मते निम्मे गुण गटाला आणि निम्मे ज्याचे त्याला द्यावे. गटाचे गुण वर सांगितल्याप्रमाणे मागच्या घरावरून ठरावेत. प्रत्येकाच्या गुणांसाठी चार प्रश्न पुरेत:

१. आपल्या वावरातली नोंद स्वतः पाहून, वेळेवर आणि खरी दिली काय?

२. शिकलेल्यापैकी काय प्रत्यक्ष केले? शेजाऱ्याने येऊन पाहिले काय?

३. हंगामात कोणाला हात दिला? ते मदत घेणाऱ्याने सांगावे, देणाऱ्याने नव्हे.

४. चुकीची किंवा न जमलेली गोष्ट उघडपणे सांगितली काय?

यांपैकी तिसऱ्या प्रश्नासाठी महिन्यातून एकदा डबा ठेवावा. प्रत्येकाने चिठ्ठीत दोन नावे टाकावीत: "या महिन्यात मी यांच्याकडून शिकलो." स्वतःचे नाव चालणार नाही, आणि घरच्या माणसाचेही नाही. नात्यागोत्याचा आणि भिडेचा प्रश्न यात येईलच, गाव म्हटले की तो सुटत नाही. म्हणून चिठ्ठीत नावाबरोबर "काय शिकलो" हे एका ओळीत लिहिण्याचा नियम करावा. ती ओळ लिहिता आली नाही तर चिठ्ठी बाद. ज्याला लिहिता येत नाही त्याने शाळेतल्या पोराला सांगून लिहून घ्यावे. आणि गुण कशावर, हे पेरणीआधी सर्वांनी बसून ठरवावे. माल घरी आल्यावर माप बदलणे बरे नव्हे.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. फोन बहुतेक घरात घरधन्याच्या खिशात असतो. पण निंदायला आणि वेचायला जाते ती घरची बाई. डोमकळी आधी तिला दिसते, किडके बोंड आधी तिच्या हाताला लागते. ती घरी येऊन सांगते, तो फोनवर लिहितो, आणि शाबासकी त्याला मिळते. हा हिशेब खोटा आहे. वहीत घराचे एक नाव न लिहिता दोघांची दोन नावे लिहावीत. "पाहिले कोणी" आणि "लिहिले कोणी" असे दोन रकाने केले की काम झाले. ज्याच्याजवळ चांगला फोन नाही, ज्याच्या वावरात रेंज लागत नाही, त्याचेही नाव पहिल्या रकान्यात आलेच पाहिजे. नाहीतर ज्याचा फोन भारी तोच शेतकरी मोठा, असे व्हायचे.

घरातल्या विद्यार्थ्यांसाठीही

हे सारे आपल्या मुलांनाही लागू आहे. २०२० साली कोरोनाने शाळा बंद पडल्या आणि लाखो मुले फोनवर शिकू लागली. चार मुलांनी मिळून प्रकल्प करायचा, एकाने सगळा करायचा आणि चौघांना सारखे गुण, हे पुष्कळ घरांनी पाहिले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे की मुलाच्या प्रगतीपत्रकात शिक्षकाच्या मताबरोबर मुलाने स्वतःचे केलेले आणि सोबत्यांनी केलेले मूल्यमापनही असावे. तेव्हा पोरगा किंवा पोरगी गटाचे काम करून आली की "किती मार्क पडले?" एवढ्यावर थांबू नका. विचारा, "यात तुझा तुकडा कोणता? दुसऱ्याचा कोणता? तोही मला सांगता येईल का?" दुसऱ्याचा तुकडा सांगता आला तर समजा मूल मिळून शिकले. आपलाही सांगता आला नाही, तर मार्क कितीही असोत, दोर दुसऱ्यानेच ओढला.

मंडळी, गाव करी ते राव न करी असे आपण म्हणतो. खरेच आहे. पण गाव म्हणजे कोण कोण, हे नावानिशी ठाऊक असावे लागते. गटाची पुढची बैठक होईल तेव्हा एक कोरी वही घेऊन जा. पहिल्या पानावर सगळ्या घरांची नावे लिहा, बाईचे आणि बाप्याचे, दोघांचेही. दुसऱ्या पानावर ठरवा की यंदा माप कोणते. बाकी फोन आहेच, आणि वावरही आहे.

रामराम!